निळ्या रंगाचे दोन अर्थ

अमूर्त चित्र समजायला अवघड असतं, असा एक अपप्रचार आहे. वस्तुस्थिती उलट आहे. बैलाचं चित्र असेल तर बैल ओळखावा लागतो आणि त्यात चूक होण्याचा धोका राहतो. अमूर्त चित्रात तो धोका नाही. खाली चिठ्ठीवर चित्रकाराचं नाव सुवाच्य अक्षरांत असलं, की सर्वसाधारण रसिकाला चित्र तीन ते चार सेकंदांत संपूर्ण समजतं. (चित्राकडे पाहण्याचा वेळ यात धरलेला नाही.)

हे खामगावात सिद्ध झालं. धम्मशीला दुसरबीडची, हिमानी खामगावचीच. दोघी एकाच कलामहाविद्यालयात शिकल्या आणि या पदवीवर नोकरी लागत नाही याची खात्री करून घेतल्यावर त्यांनी मिळून सरकी-ढेपेच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. दुकानातल्या वासाची सवय व्हायला जेवढा काळ लागला, तेवढ्यात चित्रंही बरीच झाली. त्या वर्षी गावातला एक रंगवाला दुकान बंद करत होता. त्याच्याकडचा निळ्या रंगाचा शेवटचा मोठा डबा दोघींनी मिळून उचलला. त्यामुळे दोघींची बहुतेक चित्रं निळी झाली. एकाच डब्यातला निळा.

एका वाचनालयाच्या सभागृहात संयुक्त प्रदर्शन भरलं. उद्घाटक निवृत्त प्राचार्य उत्तमराव. रांगोळी, कवितासंग्रह, नेत्रतपासणी शिबिर, कशाचंही उद्घाटन करताना त्यांनी आजवर भेदभाव केलेला नाही. फीत कापून ते पहिल्या चित्रापाशी गेले, वाकले, चिठ्ठी वाचली आणि सरळ झाले.

"युगानुयुगांची वेदना," ते म्हणाले. "हा निळा आक्रोश करतो आहे."

"सर," धम्मशीला म्हणाली, "बहिणीले पोरगी झाली, त्या दिवशी केलं ते. मी लय खुश होती."

"बरोबर. स्वतःची वेदना कलावंताला दिसत नसते."

ते शेजारच्या चित्रापाशी गेले. पुन्हा वाकले, पुन्हा सरळ झाले. "आणि हे पाहा. निव्वळ प्रसन्नता. हा निळा ध्यानस्थ आहे."

हिमानी हळू आवाजात म्हणाली, "बाबा व्हेंटिलेटरवर होते सर, तेव्हाचं आहे. त्यातच गेले ते."

"ईश्वराचं सान्निध्य अशाच वेळी लाभतं," उत्तमराव म्हणाले आणि चहाकडे वळले.

यानंतर रसिकांचं काम सोपं झालं. मतांची अशी एकवाक्यता ग्रामसभेतही दिसत नाही. धम्मशीलाच्या चित्रांपुढे 'धग', 'हुंकार', 'दाहक' हे शब्द ऐकू येत होते आणि हिमानीच्या चित्रांपुढे 'शांतता', 'आकाश', 'ओंकार'. एकाही रसिकाकडून शब्दांची अदलाबदल झाली नाही. दुसरबीडहून धम्मशीलाचे देवानंदमामा आले होते. ते एका चित्रापुढे बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले.

"पोरी, याच्यात आपलं काय हाय?"

"मी हाय ना मामा."

"तू हायेस. पण लोकायले कसं समजन?" मग चिठ्ठी दिसली आणि त्यांना हायसं वाटलं. "नाव लिहिलं ते बरं केलं."

दुसऱ्या दिवशी नागपूरहून सुधाकर नावाचे कलादालनाचे मालक आले. सौजन्यशील गृहस्थ. चित्रं त्यांना मनापासून आवडली.

"दोघींनाही घेतो. हिमानीताईंची चित्रं 'अंतर्नाद'मध्ये, तुमची 'हुंकार'मध्ये."

"एकत्र नाही का?" धम्मशीलानं विचारलं.

"एकत्र कसं जमेल? प्रदर्शनं वेगळी आहेत. तुमच्या चित्रांना तर उलट जास्त मागणी आहे."

"अहो, रंग एकाच डब्यातला आहे," हिमानी म्हणाली.

"ते कॅटलॉगमध्ये येत नाही," सुधाकर म्हणाले. त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होतं.

संध्याकाळी खोलीवर हिमानी तावातावानं म्हणाली, "आपण नाही जायचं. सांगून दे त्याले."

धम्मशीला ब्रश धूत होती. "तुले नाही म्हणणं जमते, हिमानी. मले नाही जमत. मले दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही."

हिमानीनं दुसरा ब्रश उचलला आणि नळाखाली धरला.

"पण मी दरवेळी रडूनच काऊन राहू?" धम्मशीला म्हणाली. "त्या दिवशी मी खुश होती. खुशच होती."

"आणि मी नव्हती," हिमानी म्हणाली. एवढं बोलून तिनं वडिलांच्या मागे पहिल्यांदाच, कुणी न सांगता, रडून घेतलं. धम्मशीला तिच्याजवळ जाऊन बसली. मग दोघींनी उरलेला सगळ्यात मोठा कॅनव्हास भिंतीला लावला, डब्यातला तळाचा निळा खरवडून काढला आणि दोन्ही बाजूंनी सुरुवात केली. मध्ये कुठंतरी हात एकमेकांत गेले.

ते चित्र तिसऱ्या दिवशी सभागृहात मधोमध लागलं. चिठ्ठी नव्हती.

जनजीवन विस्कळीत झालं. लोक चित्रापुढे येत, वाकत आणि वाकलेलेच राहत. समारोपाला आलेले उत्तमरावही वाकले. मग त्यांनी चौकटीमागे डोकावून पाहिलं.

"हे कोणाचं?"

"दोघींचं, सर."

"हो, पण नक्की कोणाचं?"

"दोघींचंच."

उत्तमराव सरळ झाले. "निळं आहे," ते म्हणाले. कलेविषयी त्यांनी केलेलं हे पहिलं निर्विवाद विधान होतं. त्यानंतर त्यांना रक्तदाबाची गोळी आठवली आणि समारोप त्यांच्याविना झाला.

मुक्कामी राहिलेले सुधाकर मात्र हलले नाहीत. "हे सगळ्यात चांगलं आहे," ते म्हणाले आणि खरोखर खिन्न झाले. "पण लावू कुठं? मधोमध कापता येईल का?" खिशातून त्यांनी टेपही काढली.

"कापा ना," धम्मशीला म्हणाली. "फक्त कुठून ते तुम्ही दाखवा."

त्यांनी कॅनव्हासवर अंगठा ठेवला. थोडा डावीकडे नेला. उजवीकडे आणला. खाली घेतला. शेवटी टेप खिशात गेली.

नागपूरला दोघी गेल्या. दोन दालनांमध्ये एक भिंत होती. बहिणीच्या मुलीच्या जन्माचं चित्र वेदनेसाठी गाजलं. वडिलांच्या मरणाचं एका योगवर्गानं नेलं. मोठं चित्र खामगावच्या खोलीतच राहिलं. कुणाला तासभर उभं राहून बघायचं असेल, तर दोघी चहा करतात आणि काही सांगत नाहीत.

ता. क. : या मजकुरात दोघींची आडनावं द्यायची राहून गेली आहेत. त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करणार होतो. पण वाचताना आपलं कुठंच अडलेलं दिसलं नाही, तेव्हा ती गरज उरलेली नाही.