खानझोडे काकांच्या नावेचा विमा

खानझोडे काका तलावाकाठी आले की पाण्याकडे नंतर बघत, आधी माणसांकडे. "तो पळणारा बघा, बँकवाले. थर्ड पार्टी! ती भुट्टेवाली, थर्ड पार्टी! आणि ते बदक..." इथे ते जरा अडत. "बदकाचं वाचून सांगतो."

थर्ड पार्टी म्हणजे आपल्यामुळे ज्याला इजा होऊ शकते असा कोणीही. काकांच्या हिशेबी जगाची लोकसंख्या तेवढीच.

काका मूळचे नागपूरचे. विमा कंपनीच्या लखनौमधल्या क्लेम विभागात हयात काढून इथेच इंदिरा नगरात, माझ्या खालच्या मजल्यावर स्थिरावले. मी बँकेत नोकरीला, म्हणून त्यांच्या लेखी 'बँकवाले'. निवृत्तीनंतर त्यांनी एक नाव बनवली. हातभर लांब, रिमोटवर चालणारी. आणि एक बटण दाबलं की ठरवलेल्या जागी आपली आपण जाऊन परत येणारी. रिमोटला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. "दुसऱ्याने चालवली तर कव्हर नाही!" असं ते ओरडत. विम्याचं कव्हर तेव्हा मुळातच नव्हतं, पण शिस्त होती.

पहिल्याच फेरीत ही नाव मिश्राजींच्या नडगीवर आदळली.

मिश्राजी म्हणजे निवृत्त मास्तर आणि काकांचे तीस वर्षांचे मित्र. रोज संध्याकाळी एकाच बाकावर बसून दोघं भांडत. त्या दिवशी मिश्राजी पायरीवर पाण्यात पाय सोडून बसून माशांना कणकेच्या गोळ्या घालत होते. जरासं खरचटलं. "अरे यार, कुछ नहीं हुआ," म्हणून ते हसलेही. आता फक्त 'लगी तो नहीं?' एवढंच विचारायचं होतं. पण अपघातानंतर चूक कबूल करायची नाही, कंपनी बघून घेईल, हे काकांनी आयुष्यभर लोकांना शिकवलेलं. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "कृपया नोट कर लें, मैं कोई दायित्व स्वीकार नहीं करता."

जी कंपनी अस्तित्वातच नव्हती, तिचं हित त्यांनी चोख सांभाळलं.

मिश्राजींनी धोतर झटकलं. "जैसी आपकी मर्ज़ी, साहब." तीस वर्षांच्या 'यार'चा 'साहब' झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून मिश्राजी समोरच्या काठावर बसू लागले.

काकांनी नाव कपाटात बंद केली. विम्याशिवाय ती पाण्यात उतरणार नव्हती. मग आमची वरात हज़रतगंजमधल्या विमा कचेऱ्यांतून फिरली. एका काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, नाव में बैठता कौन है?"

"कोई नहीं."

"तो मरेगा कौन?"

"थर्ड पार्टी!" काका इतक्या उत्साहाने ओरडले की रांगेतले दोघे मागे सरकले.

आठ महिन्यांनी परगावच्या, रिमोटच्या नावा चालवणाऱ्या एका हौशी क्लबने त्यांना सभासद करून घेतलं. सभासदत्वासोबत विमा होता. त्या रविवारी संध्याकाळी काका जिना दणाणत वर आले. "आली! पॉलिसी आली! बँकवाले, चप्पल घाला!"

"पण काका, मिश्राजींचा अपघात यात बसेल?"

"मागची घटना कशी बसेल? शिकलेले ना तुम्ही?"

तलावाकाठी त्यांनी नाव पाण्यात सोडली, खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद काढून तिच्यावर बांधला आणि बटण दाबलं. नाव कुणाच्याही मदतीशिवाय, नाकासमोर, थेट समोरच्या बाकाच्या दिशेने निघाली. बदकं बाजूला झाली. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

मिश्राजी पायरीवरून वाकले. कागद काढला, वाचला. बराच वेळ वाचला. मग खिशातलं पेन काढून काहीतरी लिहिलं आणि कागद पुन्हा बांधला. नाव वळली.

नाव परत आल्यावर आम्ही कागद सोडून पाहिला. तो क्लेमचा फॉर्म होता. 'गलती किसकी' या रकान्यात काकांच्या रेखीव अक्षरात होतं: 'पूरी मेरी.' त्याखाली 'नुकसान का विवरण' हा रकाना त्यांनी कोरा सोडलेला. तिथे मिश्राजींनी लिहिलं होतं: 'आठ महीने से शाम को लड़ने वाला कोई नहीं.'

काकांनी चष्मा काढून पुसला. मग दुसऱ्यांदा पुसला.

"नुकसानीच्या सर्व्हेची गरज नाही," ते म्हणाले. "मंजूर."

आणि हातातलं सगळं माझ्याकडे देऊन, तलावाला वळसा घालून ते जवळजवळ पळत सुटले. नाव पुन्हा बदकांकडे निघाली होती, आणि रिमोट माझ्या, म्हणजे कव्हर नसलेल्या, हातात होता.