अण्णांच्या पायातली शीव

"चिंतामणराव, खोली बघून ठेवली आहे. गिरगावात, आमच्याच चाळीत, अगदी समोर," ओसरीवर नीट टेकायच्या आतच अण्णांनी सासरेपण सुरू केलं. "आमच्या दारातून तुमची चूल दिसते. हे बदलापूर पुरे. रान आहे नुसतं! परवा म्हणे बिबळ्या आला होता."

"तो बिबळ्या नव्हता, अण्णा. शेजारच्यांचा बोका होता," त्यांची लेक उमा आतून म्हणाली.

"इथले बोके एवढे होतात? मग तर आजच सामान बांधा!"

चिंतामणी खांबेटे ऐकून घामाघूम झाला. नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात, बिऱ्हाड बदलापुरात, पुढं अंगण, मागं विहीर आणि सासरा पार गिरगावात, असं सगळं नीट जमून आलं होतं. अण्णांना आपली चूल दिसू लागली, की आमटीत मीठ किती, इथून ते कपाळाला आठी का, इथवर सगळ्याचा जाब द्यावा लागणार! वाचायचा एकच मार्ग होता. बदलापूर अण्णांच्या मनात भरवायचं.

"अण्णा, जेवणाआधी एक चक्कर टाकू," तो म्हणाला. "ही समोरची टेकडी चढायची, पलीकडून नदीवर उतरायचं आणि काठाकाठानं फिरून घरी. बाळंतीणसुद्धा चालेल अशी वाट आहे. वालाचं बिरडं शिजेपर्यंत परत."

शिवाय त्यानं कॅम्प चारच्या सिंधी बाजारातून अण्णांसाठी मुद्दाम कॅनव्हासचे बूट आणले होते. "साईं, बूट नहीं घिसेगा, आदमी घिसेगा," असं दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. माणूस निम्मी टेकडी चढला तेव्हा शाबूत होता. उजव्या बुटाचा तळ मात्र सुटला आणि पावलागणिक टाळ्या वाजवू लागला.

"जावईबापू, हा बूट माझी चेष्टा करतोय."

चिंतामणीनं इकडंतिकडं पाहिलं. करवंदीच्या जाळीला हळदीत बुडवलेलं चांगलं चौपदरी सूत गुंडाळलेलं होतं. तिथून ते आंब्याला, आंब्यावरून पळसाला गेलं होतं. देवच पावला, असं म्हणत त्यानं हातभर ओढलं, दातांनी तोडलं आणि अण्णांच्या बुटावर करकचून गाठ मारली.

त्याच क्षणी खाली वाडीत चाललेला ढोल गप्प झाला. पाठोपाठ सगळी वाडी टेकडी चढून आली. पुढं भगत धर्मराज, मागं दौलतराव पाटील.

"कुनी तोडला सूत?" धर्मराजनं विचारलं.

"सूत? हे होय! अहो, बूट फाटला म्हणून जरा..." चिंतामणी म्हणाला.

"जरा? गावाची शीव हाय ती! वर्साकाठी एकदा गावदेवीची शीव बांधतो आमी. दिवस मावळंपर्यंत बाहेरची इडापिडा आत येत नाय. आन् तुमी ती बुटाला बांधलीव?"

"सोडून देतो ना!"

"खबरदार!" धर्मराज ओरडला. "शिवेची गाठ दिवसाउजेडी सोडत नाय." मग त्यानं डोळे मिटले, अंगात आल्यासारखी मान हलवली आणि निकाल दिला. "शीव ह्या बाबांच्या पायात हाय. आता बाबा चालतील तशी शीव जाईल. गावाला पुरी फेरी घालायची. आमी मागून नवा सूत बांधत येतो."

चिंतामणीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बिरडं राहिलं, बदलापूर राहिलं, आता गिरगावातली चूल! त्यानं भीतभीत सासऱ्याकडं पाहिलं. अण्णांचा चेहरा लालबुंद झाला होता. पण तेवढ्यात पाटलांनी त्यांच्यापुढं हात जोडले, कुणीतरी कपाळाला गुलाल फासला आणि ढोल पुन्हा कडाडला. अण्णांनी धोतर खोचलं आणि ते चालू लागले.

शेणाच्या राड्याला बगल द्यायला अण्णा दोन पावलं डावीकडं सरकले, तर मागून किंकाळी आली.

"अवो बाबा, माजा खोपटा शिवेच्या बाहेर रायला की!" कौसाबाई म्हातारी छाती बडवत होती. "आता सगली भुतं माज्याच घरी वस्तीला येतील!"

अण्णा थबकले. चाळीत नळावरसुद्धा कुणी त्यांचा शब्द ऐकत नसे. इथं त्यांच्या दोन पावलांनी एक म्हातारी गावाबाहेर जात होती! ते मागं फिरले आणि राड्यातून, बुटाच्या तळासकट, ऐटीत चालत गेले.

"बाई, तुम्ही आत. झालं समाधान?"

मग काय विचारता! "बाबा, माजा फनस घ्या!" "बाबा, शेळ्यांचा वाडा!" अण्णा प्रत्येकाचं ऐकून घेत, हनुवटी खाजवत आणि मोठ्या मनानं वळसा घालत. तो फणस आत आला, ती करवंदं आली. नदीवर पोचल्यावर पाटलांनी नुसतं म्हटलं, "ह्या कोंडीत मासा लय हाय." शुद्ध शाकाहारी अण्णा गुडघाभर पाण्यात उतरले आणि कोंडीला बाहेरून वळसा घालून आले. बदलापुरातली जुनी माणसं शपथेवर सांगतात, की त्या दिवशी उल्हास नदी अर्धी वाडीत आणि अर्धी बाहेर वाहत होती, आणि बाहेरचे मासे सुताशी येऊन ताटकळत होते.

चिंतामणी मागून काठीला गुंडाळलेला सुताचा गुंडा धरून चालला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

दिवस मावळला, गाठ सुटली, नारळ फुटला. दोघं घरी आले तेव्हा बिरडं थंड होऊन गोळा झालं होतं आणि उमा दारात रडकुंडीला येऊन उभी होती.

"अण्णा! हा काय अवतार?"

"पोरी, आधी ऐक." गुलालानं माखलेले अण्णा ओसरीवर राजासारखे बसले. "ती गिरगावातली खोली रद्द. तुम्ही इथंच राहायचं. असली जागा सोडतं का कुणी?"

चिंतामणीची छाती दोन बोटं फुगली. जिंकलो! त्यानं सासऱ्याला वाकून नमस्कारसुद्धा केला.

"आणि मीही इथंच येतोय," अण्णा म्हणाले. "शेजारची खोली रिकामी आहे ना? घरमालकाशी वाटेतच बोललो. वाडीनं दर वर्षी फेरीचा मान दिलाय मला. शिवाय भिंतीला भिंत लागून, म्हणजे तुमची चूल बघायला दारातसुद्धा यायला नको. वासावर कळेल."

उमानं आनंदानं टाळ्या वाजवल्या आणि ती बिरडं गरम करायला आत पळाली. चिंतामणी तिच्या मागोमाग चुलीपाशी आला. थोडा वेळ उगाच लाकडं पुढं सारत बसला. मग दबक्या आवाजात म्हणाला,

"उमे, ती गिरगावातली खोली... अजून रिकामी असेल का गं?"