गांगुर्डे मॅडमचा डावा हात

जिउ-जित्सूच्या सरावात झटापट सुरू होण्याआधी गांगुर्डे मॅडम समोरच्याची नखं तपासतात. दोन्ही हात पुढे करायला लावतात, निरखून बघतात, मग चष्मा काढून स्टीलच्या डब्यात ठेवतात. वय चोपन्न. एका शाळेच्या कार्यालयात लिपिक.

सिडकोत खत-औषधांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सकाळी सहाला आमचा वर्ग भरतो. ही ब्राझीलची कुस्ती बहुतेक जमिनीवर लोळूनच चालते. गळा किंवा सांधा आवळला गेला की माणूस हाताने थोपटतो, म्हणजे हरतो. शिकवणारे रोहन सर मॅडमच्याच शाळेत होते. त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला मॅडमनी लिहिला होता. मॅटवर त्या त्यांना ‘सर’ म्हणतात, जिन्यात ‘रोहन’.

मी बातमीदार आहे. झटापट चालू असताना माझं लक्ष कोपऱ्यातल्या बॅगेत ठेवलेल्या फोनकडे असतं. मॅडमचं लक्ष कुठेच जात नाही. एकदा समोरच्या इमारतीवरचा फलक धाडकन खाली आला. सगळे खिडकीकडे धावले. माझी मान मॅडमच्या पकडीत होती, तरी मीही उठायला लागलो.

“आधी थोपटा,” त्या म्हणाल्या, “मग बघायला जा.”

मी थोपटलं.

झटापटीत त्या सारखं पुटपुटतात : खांदा, कंबर, गुडघा. समोरच्याला उलथवण्याचा हा त्यांचा क्रम. मीही तो म्हणून पाहिला; दोन मिनिटं फोन आठवला नाही. कुठे शिकलात, असं विचारलं तर म्हणाल्या, घरी सराव होतो.

दोष एकच होता. समोरच्याला उलथवताना त्यांचा डावा हात त्याच्या डोक्याखाली जायचा, ते आपटू नये म्हणून. तेवढ्यात समोरचा निसटायचा, नाहीतर तोच हात धरायचा. मॅट मऊ आहे, डोकं ज्याचं त्याने सांभाळावं, असं सरांनी शंभरदा सांगितलं होतं. मॅडम मान डोलवायच्या. हात तिथेच जायचा.

गेल्या महिन्यात निळ्या पट्ट्याची चाचणी होती. नवशिक्यांचा पांढरा पट्टा मॅडमच्या कमरेला तीन वर्षं होता. सरांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, की हात एकदा जरी डोक्याखाली गेला तरी पट्टा नाही. समोर बँकेतली पूनम, वयाने निम्मी. चार मिनिटं मॅडमनी तिला श्वास घेऊ दिला नाही. खांदा धरला, कंबर उचलली, पूनम उलटली, आणि डावा हात तिच्या डोक्याखाली गेला. पूनमने तो पकडून कोपरातून ताणला. मॅडमनी थोपटलं.

सरांनी निळा पट्टा परत पिशवीत ठेवला. जिन्यात मॅडमच त्यांना म्हणाल्या, “बरोबर केलंस, रोहन.”

कोपर दुखावलं होतं, म्हणून मी त्यांना स्कूटरवरून घरी सोडलं. आतल्या खोलीत त्यांचे यजमान पलंगावर होते. मूळचे विंचूरचे, पूर्वी ट्रक चालवायचे. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. त्यांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. मॅडमनी डावा हात त्यांच्या डोक्याखाली सरकवला आणि ओठ आवळले. मी पुढे झालो.

“नखं दाखवा,” त्या म्हणाल्या.

मी हात पुढे केले. त्यांनी तपासले आणि जागा दिली. मी यजमानांच्या डोक्याखाली हात धरला. खांदा, मॅडम म्हणाल्या. मग कंबर.

“पट्टा?” यजमानांनी विचारलं. जीभ जड होती.

“नाही मिळाला. हात गेला.”

“मंग आता?”

माझ्या खिशात फोन वाजत होता. मी हात हलवला नाही.

“आता गुडघा,” मॅडम म्हणाल्या.