आई सकाळीच गेली

मानसची शुगर बॉर्डरवर असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच संध्याकाळी देविकानं नवऱ्याच्या फोनमध्ये 'मैत्री' बसवली. मैत्री म्हणजे व्यायामाची एआय सोबतीण. मराठीत गोड बोलायची, रोज सकाळी साडेसहाला हाक मारायची आणि सांगितलेलं काही विसरायची नाही.

पहिल्या दिवशी मानस पांघरुणातूनच म्हणाला, "बाहेर केवढा धूर आहे, यार!"

"मग घरातच चालू या," मैत्री म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाय मुरगळल्याचं सांगितलं. तिनं खुर्चीत बसून करायचे व्यायाम काढले. तिसऱ्या दिवशी मात्र त्याला रामबाण सापडला. "आईला ॲडमिट केलंय. गुडघ्याचं ऑपरेशन."

मैत्री एकदम हळवी झाली. "तुम्ही आईंजवळ थांबा. व्यायाम होत राहील."

आठ दिवस मानस सुखानं झोपला. मैत्री रोज चौकशी करायची, तो अर्धवट झोपेत काहीबाही सांगायचा. त्याची आई, कुमुदिनीबाई, त्या वेळी दिल्लीत आर. के. पुरमच्या त्याच सरकारी क्वार्टरमध्ये शेजारच्या खोलीत सूर्यनमस्कार घालत असायच्या.

त्यानंतरच्या सकाळी मैत्रीशी बोलणं चालू असतानाच देविकानं स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, आई कुठे दिसत नाहीत?"

"आई गेली!" मानस ओरडला. "सकाळीच!"

आणि फोन टेबलावर टाकून तो आंघोळीला गेला.

कुमुदिनीबाई बूथवरून दूध घेऊन परतल्या, तेव्हा फोन बोलत होता. "मानस, आई गेल्याचं ऐकून फार वाईट वाटलं."

कुमुदिनीबाई फोनवर वाकल्या. "अगं, मी त्याची आईच बोलतेय!"

"अशा काळात आईंचा आवाज ऐकू येतो, मानस. अगदी स्वाभाविक आहे."

टॉवेल गुंडाळून मानस धावत आला आणि दारातच थबकला.

"मी गेले होय?" कुमुदिनीबाईंनी त्याच्याकडे पाहत फोनला विचारलं. "आणि यानं केलं काय माझं?"

"तुम्ही काही कमी केलं नाहीत, मानस. आठ दिवस त्यांच्या उशाशी बसलात. स्वतःच्या हातानं मऊ भात भरवलात. रोज तासभर पाय चेपलेत."

"आई, ते मी झोपेत..."

भाताचं ऐकून कुमुदिनीबाईंना खरं म्हणजे बरं वाटलं होतं. मग त्यांनी दूध देविकाच्या हातात दिलं, खुर्ची ओढून बसल्या आणि समोरच्या खुर्चीवर पाय पसरले.

"भाताचं दुपारी बघू," त्या म्हणाल्या. "आधी डावा घे."