वाईट बातमीची उशी

रविवारी सकाळी हेमकांतने चहाचा कप टेबलावर ठेवला आणि बायकोला जाहीर करून टाकलं, "चारू, बोलून कामं करून घ्यायचे दिवस संपले. यापुढे मी जे काय सांगणार ते लिहून!"

चारुलता शाळेत विज्ञान शिकवते. पुराव्याशिवाय कशालाही हो म्हणायचं नाही ही तिची सवय.

"दूध संपलंय. लिहून देऊ?"

"दे की! पण पहिल्या ओळीत नको. आधी आपल्या सुखी संसाराबद्दल दोन शब्द लिही. दूध तिसऱ्या परिच्छेदात आण."

चारुलताने काही लिहिलं नाही. तिने पिशवी त्याच्या हातात दिली.

या लेखनाच्या झटक्याला कारण होतं. नवापूरच्या हायवेला लागून नवलशेठची हॅचरी आहे. एका दाराने अंडी आत जातात, एकविसाव्या दिवशी दुसऱ्या दाराने पिल्लं बाहेर पडतात आणि त्याच दिवशी गाडीत बसून कोणाच्या तरी शेडमध्ये पोचतात. तिथे हेमकांत सहायक होता. 'सहायक' हा शब्द त्याला बुटात गेलेल्या खड्यासारखा टोचायचा. जुने मॅनेजर सुरतेला निघून गेले होते, त्यांची खुर्ची रिकामी होती. हेमकांत रोज येता-जाता ती खुर्ची उगाच पुसायचा.

नवलशेठ एकदा म्हणाले होते, "मोठ्या पार्ट्या आजकाल फोनवर बोलतच नाहीत, मेल मागतात. ज्याले नीट लिखता येई, तो मॅनेजर!"

झालं! हेमकांतने नंदुरबारच्या एका कॉलेजात 'प्रगत व्यावसायिक व कार्यालयीन लेखन' या अभ्यासक्रमाला नाव घातलं. अभ्यासक्रम हायब्रिड होता. हे ऐकून शेठ खूश झाले. हायब्रिड कोंबडी त्यांनी पाहिली होती, कमी खाते आणि भराभर वाढते! इथे हायब्रिड म्हणजे अर्धे वर्ग मोबाइलवर आणि अर्धे कॉलेजात. मोबाइलवरच्या वर्गात रेंज नसायची आणि कॉलेजातल्या वर्गात सर नसायचे.

सरांचं नाव प्रा. भाग्येश. त्यांनी आयुष्यात कुठल्याही ऑफिसात नोकरी केली नव्हती, त्यामुळे ऑफिसाबद्दलची त्यांची मतं डिस्टिल्ड वॉटरसारखी शुद्ध होती.

"वाईट बातमी जमिनीवर आपटू नका!" ते पडद्यावरून सांगायचे. "आधी कौतुकाची उशी ठेवा. तिच्यावर आभाराची उशी ठेवा. मग बातमी अलगद ठेवा. वाचणाऱ्याला लागता कामा नये!"

हेमकांतला हे इतकं पटलं की त्याने ही वाक्यं कागदावर उतरवून अंडी उबवायच्या खोलीत लावली.

अभ्यासक्रमाच्या शेवटी एक प्रकल्प होता. आपल्या कामाच्या ठिकाणची खरी वाईट बातमी खऱ्या वरिष्ठांना पत्राने कळवायची, त्यांचं उत्तर मिळवायचं आणि दोन्ही कागद तोंडी परीक्षेत दाखवायचे. पंचाईत अशी, की हॅचरीत काही वाईट घडेचना! वीज जाईना, मशीन बिघडेना, पिल्लांना साधी सर्दी होईना. हेमकांत रोज सकाळी आशेने विचारायचा, "काही प्रॉब्लेम?" आणि शेडप्रमुख करमसिंग रोज सांगायचा, "नाही सायेब, सगळं बराबर आहे." हेमकांत खिन्न होऊन खुर्ची पुसायला जायचा.

आणि एका गुरुवारी करमसिंग धापा टाकत आला.

"सायेब, व्यारा गावची पार्टी नाही बोलली! वाऱ्यानं त्यांच्या शेडचे पत्रे उडाले. शनिवारी आपली बारा हजार पिल्लं निघतील. न्यायला कोणी नाही!"

हेमकांतचा चेहरा उजळला. "नक्की? अगदी रद्दच?"

"रद्दच."

"वा! करमसिंग, वा!"

करमसिंग दोन पावलं मागे सरकला. "सायेब, शेठला फोन करा ना. शेठचे ओळखीचे लय आहेत. एका फोनात माल उचलतील."

"फोनची नोंद राहते का? मी पत्र लिहितो."

"पिल्लं थांबणार नाहीत, सायेब."

"पत्रही थांबणार नाही!" हेमकांत म्हणाला आणि कॉम्प्युटरसमोर बसला.

पत्र थांबलं. पहिला मसुदा दुपारी तयार झाला. त्यात चौथ्या परिच्छेदात सरळ लिहिलं होतं, 'व्याऱ्याच्या ग्राहकाने मागणी रद्द केली आहे.' भाग्येश सरांनी तो मोबाइलवर वाचला आणि कळवलं, "'रद्द' हा शब्द फार टोकदार आहे." दुसऱ्या मसुद्यात मागणी 'पुढे गेली'. सर म्हणाले, "कुठे गेली? वाचणारा घाबरेल." संध्याकाळपर्यंत वाक्य असं झालं: 'सद्यःस्थितीत पिल्लांच्या स्वीकृतीबाबत ग्राहकाकडून काहीशी लवचिकता अपेक्षित आहे.' सर म्हणाले, "आता हात फिरवला तरी बोचत नाही. पाठवा!"

नवलशेठ शहाद्याला होते. दुसऱ्या दिवशी पुतण्याचा साखरपुडा होता. पत्र त्यांच्या व्हॉट्सॲपवर पोचलं. मोठा मजकूर व्हॉट्सॲप पूर्ण दाखवत नाही. थोडा दाखवतं आणि खाली 'पुढे वाचा' म्हणतं. नवलशेठ आयुष्यात कधी 'पुढे वाचा'च्या पुढे गेले नव्हते. त्यांना जे दिसलं ते इतकंच:

'आदरणीय शेठजी, आपल्या दूरदृष्टीच्या नेतृत्वाखाली आपल्या संस्थेने गुणवत्तेचे शिखर गाठले असून आपल्या पिल्लांना आज अभूतपूर्व मागणी आहे...'

शेठचा ऊर भरून आला. त्यांनी तेवढं व्याह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. विहीणबाई कौसाबाईंनी सुपारी कातरणं थांबवून ऐकलं. मग शेठनी तेवढंच कापून पोल्ट्रीवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. नंदुरबारपासून उच्छलपर्यंतचे शेडवाले त्या ग्रुपवर होते.

अर्ध्या तासात हेमकांतला शेठचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला: "हेमकांत! काय लिखस रे तू! पाव्हणास्ले वाची दखाडं, बठ्ठा गप्प व्हई ग्यात! तुन्हं मॅनेजरनं पक्कं शे!"

पाहुणे सगळे गप्प, मॅनेजरपद पक्कं! हेमकांतने ते चार वेळा ऐकलं. मग खुर्चीजवळ गेला आणि पुसायच्या ऐवजी तिच्यावर बसला.

इकडे धानोऱ्याच्या एका शेडवाल्याने ग्रुपवरचा मजकूर वाचला. त्याचं शेड रिकामं होतं आणि तो शेठला पिल्लं मागायच्या बेतात होता. अभूतपूर्व मागणी आहे म्हटल्यावर आपल्याला कुठली पिल्लं मिळणार, असा विचार करून त्याने दुसरीकडे ऑर्डर दिली. त्याचं बघून आणखी दोघांनी दिली. माल उचलू शकणारी जी काही माणसं पंचक्रोशीत होती, ती हेमकांतच्या पहिल्या परिच्छेदाने निकालात काढली!

शुक्रवारी करमसिंगने विचारलं, "शेठ काय बोलले?"

"खूश आहेत."

"खूश? पिल्लं जात नाहीत म्हणून?"

हेमकांतने खुर्ची पुसायला घेतली. आता फोन करायला हवा होता हे त्यालाही कळत होतं. पण काल ज्यांनी मॅनेजर केलं त्यांना आज फोनवर हे कसं सांगायचं? मॅनेजरपद अंड्याच्या कवचाएवढं जाड असतं! त्याने भाग्येश सरांना विचारलं.

"दुसरं पत्र लिहा," सर म्हणाले. "फक्त उशा कमी पडल्यात. अडचण म्हणू नका, संधी म्हणा!"

दुसऱ्या पत्रातलं मुख्य वाक्य हे होतं: 'आपल्या पिल्लांना संस्थेच्याच परिसरात अधिक काळ वास्तव्याची संधी प्राप्त होत आहे.' या वेळी हेमकांतने सावधगिरी म्हणून ते वाक्य पहिल्या परिच्छेदात घेतलं. शेठनी वाचलं. पंगत उठत होती. त्यांना वाटलं, गाडीला तास-दोन तास उशीर असेल. त्यांनी उत्तर दिलं, "बरं. ऱ्हाऊ द्या."

"लेखी मंजुरी!" हेमकांत ओरडला आणि उत्तराची प्रिंट काढून प्रकल्पाच्या फायलीत लावली.

शनिवारी पहाटेपासून पिल्लं निघायला लागली. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन-अडीच दिवस काढू शकतं. पण त्याला ऊब लागते आणि जागा लागते. शिवाय ते सतत बोलतं, आणि त्याच्या बोलण्यात परिच्छेद नसतात.

"कुठे ठेवू?" करमसिंगने विचारलं.

"संस्थेच्या परिसरात! मंजुरी आहे."

"परिसर म्हणजे नेमकं काय काय?"

"सगळंच!"

करमसिंगने हुकूम मनापासून पाळला. दहा वाजेपर्यंत क्रेट पॅकिंगच्या खोलीत मावेनात. मग व्हरांडा भरला. मग हिशेबाची खोली. मग जिना, पायरीला एक क्रेट. अकराला शेठची नवी केबिन उघडावी लागली, कारण तिथे वारा लागत नव्हता. गालिच्यावर भाताचं तूस पसरलं. फॉल्स सीलिंगमधून पिवळे बल्ब लोंबकळले. सोफ्यावर पिल्लं, टेबलावर पिल्लं आणि बाहेर मॅनेजरच्या खुर्चीत, हेमकांतने दोन दिवस ऊब दिलेल्या जागी, जेमतेम मावतील तेवढी पिल्लं!

आणि बाराला हेमकांतची तोंडी परीक्षा होती. रेंज फक्त शेठच्या केबिनमध्ये यायची. तो पिल्लांच्या मधोमध मोबाइल धरून उभा राहिला.

"हेमकांत, मागे कसला आवाज येतोय?" भाग्येश सरांनी विचारलं.

"सर, आमच्या संस्थेतलं... चैतन्य आहे."

"वा! उत्तर कसं मऊ दिलंत! बरं, तुमच्या पत्राचा वाचणाऱ्यावर परिणाम काय झाला?"

तेवढ्यात बाहेर गाड्या थांबल्या. एक नव्हे, तीन! नवलशेठ शहाद्याहून परस्पर आले होते. अभूतपूर्व मागणी असलेली हॅचरी व्याह्यांना दाखवायला! सगळ्यांच्या कपाळाला साखरपुड्याचं कुंकू अजून ताजं होतं. शेठ पुढे होते.

"या, या, व्याहीबुवा! आधी मन्ही केबिन दखाडस. मंग आपला नवा मॅनेजर. लिखाणमा असा माणूस जिल्ह्यात नाही!"

त्यांनी दार उघडलं.

आतून उष्ण वाफ आली, मग चिवचिवाट, मग पिल्लं. पन्नासेक पिल्लं शेठच्या नव्या बुटांवरून बाहेर पडली आणि कौसाबाईंच्या पैठणीखाली दिसेनाशी झाली. कौसाबाईंनी पदर आवरला, खाली वाकून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "नवलभाऊ, हीच का ती मागणीवाली पिल्लं?"

व्याहीबुवा खोकले. ते खोकत होते की हसत होते, हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

"हेमकांत," शेठचा आवाज खोल गेला होता, "हाई काय शे?"

हेमकांतने घाम पुसला. पडद्यावर सर डोळे विस्फारून पाहत होते. परीक्षा चालू होती. "शेठजी, सर्वप्रथम आपल्या दूरदृष्टीच्या नेतृत्वाबद्दल..."

"गिऱ्हाईक कोठे शे?"

"बाजारपेठ ही मुळात गतिमान असते, आणि ग्राहकाची लवचिकता..."

"हेमकांत! गिऱ्हाईक कोठे शे?"

हेमकांतच्या सगळ्या उशा संपल्या.

"पळी गया, शेठ."

केबिनमध्ये माणसं गप्प झाली. पिल्लं झाली नाहीत. तेवढ्यात मोबाइलमधून भाग्येश सरांचा आवाज आला, "हेमकांत, हे फारच थेट झालं! याचे गुण कापावे लागतील!"

"तो कोण शे?" शेठनी विचारलं.

"सर आहेत. लिहायला शिकवतात."

"त्याले म्हणा, एक गाडी पिल्लं धाडू का घरी?"

सरांची रेंज त्याच क्षणी गेली.

शेठनी लगेच ग्रुपवरच्या शेडवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली. धानोरावाला म्हणाला, "शेठ, तुमची मागणी पाहून मी दुसरीकडून घेतली ना!" दुसरा म्हणाला तेच. तिसऱ्याने आधी अभिनंदन केलं आणि मग तेच सांगितलं. शेठ फोन ठेवत गेले आणि प्रत्येक फोननंतर हेमकांतकडे थोडं जास्त वेळ पाहत राहिले.

हेमकांतला वाटलं, आता नोकरीच गेली. पण शेठनी रागाने एक शब्द काढला नाही. काढता येत नव्हता. 'हा माझा मॅनेजर' म्हणून तीन गाड्या माणसं त्यांनी स्वतः आणली होती. कौसाबाईंचा अडकित्ता पुन्हा चालू झाला होता आणि व्याही निकालाची वाट पाहत होते. दिलेला शब्द व्याह्यांसमोर मागे घेतला तर पुतण्याच्या लग्नात पंगतीपंगतीत तीच गोष्ट चघळली जाणार!

शेठनी हेमकांतच्या खांद्यावर हात ठेवला. जरा जोरातच ठेवला.

"मन्हा शब्द तो शब्द. आजपासून तू मॅनेजर! गावाबाहेर आपलं जुनं शेड रिकामंच शे. ह्या बारा हजार पिल्ला तठे लई जा. मोठ्या होत तोवर तठेच ऱ्हा. दाणा तू टाक, पाणी तू दे, खत तू काढ. इकी टाकस तोवर त्या शेडना मॅनेजर तूच!"

"आणि हाताखाली कोण, शेठ?"

शेठनी क्रेटकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून हेमकांत मॅनेजर आहे. अभ्यासक्रमात तो पास झाला, 'सौजन्य' या सदरात पूर्ण गुण मिळाले. त्याने व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली आहेत, 'मॅनेजर' जाड अक्षरात. पहिलं कार्ड घेऊन तो मोठ्या दिमाखात घरी गेला आणि दार वाजवलं.

चारुलताने दार अर्धं उघडलं, नाकाला पदर लावला आणि कार्ड चिमटीत धरून नीट वाचलं.

"अभिनंदन, मॅनेजरसाहेब," ती म्हणाली. "पहिले बाहेरना नळवर आंग धोई ल्या. मंग घरमा या."