किलोच्या भावानं मदरबोर्ड

एक किलो तीनशे साठ ग्रॅम.

निळा कागद. त्यावर चंदेरी बदकं.

वाटूरला एकाच बाईला एकाच दिवशी भिंतीवरची सहा घड्याळं मिळाली.

जिनिंगच्या फिल्मची लांबी, सात मिनिटं.

"पप्पा, घ्यायच्या आधी मला एकदा दाखवा."

माझा हात कधी चुकत नाही!

वाचकहो, या तुकड्यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटत होतं. मोटारसायकलवर अख्खा जिल्हा पालथा घातल्यावर तो कळला!

मी मच्छिंद्र. परतूरच्या बाजार समितीत बावीस वर्षं मापाडी आहे. सोयाबीनचं पोतं नुसतं कलतं केलं की काट्याच्या आधी मी वजन सांगतो. काटा चुकला तर दुरुस्त करतात, मला अजून कुणी दुरुस्त केलेलं नाही!

आमच्या आकांक्षानं कापसाच्या जिनिंगवर सात मिनिटांची फिल्म करायला घेतली होती. शूटिंग मोबाईलवर झालं होतं. फिल्म सोमवारी पाचच्या आत पाठवायची. निवड झाली, तर पुण्यात दोन महिने शिकायला मिळणार. पोरगी झोपेतसुद्धा पुण्याला जाऊन येत होती. पण आमचा घरचा कॉम्प्युटर! एडिटिंग उघडलं की मानपान चुकलेल्या जावयासारखा गप्प बसायचा. हलत नाही, बोलत नाही, चहाही घेत नाही!

पुण्याचा माझा भाचा कल्याण फोनवर म्हणाला, "मामा, माझ्याकडं बाराव्या पिढीचा प्रोसेसर पडून आहे. शुक्रवारपर्यंत पोचवतो. तुम्ही फक्त त्याला बसंल असा मदरबोर्ड घ्या."

मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली ती हिरवी-काळी पाटी, जिच्यावर बाकीचे सगळे अवयव बसतात. एवढं मला माहीत होतं. एवढं पुरेसं होतं!

आकांक्षा म्हणाली, "घ्यायच्या आधी मला दाखवा." दाखवा म्हणे! ज्याच्या हाताखालून अख्ख्या मोंढ्यातलं धान्य गेलं, त्यानं दाखवायचं? ठरवलं, गुपचूप आणायचा आणि प्रोसेसर आला की पोरीला चकित करायचं.

मुदतीच्या आठ दिवस आधी, रविवारी अलीमभाईंच्या दुकानात गेलो. दुकान एक, संसार दोन. डावीकडं अलीमभाईंचे कॉम्प्युटर, उजवीकडं अंबरीनभाभींच्या भेटवस्तू. बाराव्या पिढीचा प्रोसेसर आहे म्हणताच अलीमभाईंनी तीन मदरबोर्ड काउंटरवर मांडले.

"मच्छिंद्रभाऊ, ह्याला रॅमच्या खाचा दोन. ह्याला चार. अन् हा जो तिसरा है..."

"थांबा!"

मी डोळे मिटले. एकेक खोका तळहातावर घेतला. "हा नऊशे. हा अकराशे. अन् हा एक किलो तीनशे साठ!"

भाभींनी खोका पार्सलच्या काट्यावर ठेवला. तेराशे साठ! अलीमभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"तिसराच द्या."

"वो थोडा महाग है, भाऊ."

"नगाचा भाव काढून राह्यले का तुम्ही? किलोमागं काढा! तिन्हीत हाच स्वस्त!"

अलीमभाईंनी आणखी एक काहीतरी विचारलं. मी काहीतरी उत्तर दिलं. ते आत्ता महत्त्वाचं नाही. पोरीसाठी आहे म्हणून भाभींनी खोका चंदेरी बदकांच्या निळ्या कागदात बांधून दिला.

आता लपवायचा कुठं? आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे, आहेराची. आम्हाला आलेले डबे, घड्याळं, समया तिच्यात पडतात आणि कुणाचं कार्य निघालं की तशाच पुढं जातात. आलेला आहेर कुणी उघडत नाही. उघडला की तो आपला झाला, मग पुढं द्यायला नवा आणावा लागतो! म्हणजे न उघडता वस्तू सुरक्षित राहील अशी घरातली एकच जागा. ठेवला खोका पेटीत. स्वतःच्या हुशारीवर एक कप चहा जास्त घेतला!

शुक्रवारी प्रोसेसर आला. शनिवारी मोंढ्यात आवक मोठी. रविवारी सकाळी आकांक्षाला बोलावलं, छाती पुढं काढली, पेटी उघडली.

दोन समया. एक कॅसरोल.

"वंदना! निळा खोका कुठं गेला?"

बायको भाजी निवडत होती. "बदकाचा? तो बुधवारी वाटूरला दिला न्हाई का! केशरआत्या अंगणवाडीतून रिटायर झाल्या, त्यांच्या सत्काराला."

"अगं, त्यात मदरबोर्ड होता!"

"मला काय सपान पडलं का? अन् आहेर उघडून बघत असतेत का कुणी?"

आकांक्षा नुसती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिली. सोमवारवर तिनं लाल गोल केला होता. शिव्या परवडल्या असत्या हो!

मी फोन उचलला, तसा वंदनानं हिसकावला. "दिलेला आहेर फोनवर परत मागता का? माझ्या माहेरी तोंड दाखवायला जागा ठेवायची का न्हाई? कॅसरोल घेऊन जा. म्हणावं, हा राहिला होता. अन् बोलता बोलता तो काढून घ्या!"

निघालो. मागं आकांक्षा, तिच्या मांडीवर कॅसरोल, माझ्या खिशात प्रोसेसर.

वाटूरला केशरआत्यांनी कॅसरोल दोन्ही हातांनी घेतला. "दोन दोन आहेर? जावईबापू, लईच मोठं मन तुमचं!"

"ते पहिल्याचं काय झालं, आत्या?"

"घड्याळ व्हय? अवो, सहा घड्याळं आल्ती मला! हे सातवं. कानाला लावून पाह्यलं तर टिकटिक बी करत न्हवतं. म्हणलं, बंद पडलेलं दिसून राह्यलं, जावयाला कसं सांगावं? गुरुवारी देऊन टाकलं माझ्या नणंदेकडं, गिरिजाबाईकडं. नातवाचं बारसं होतं."

"गिरिजाबाई कुठल्या?"

"पिंपळगाव रेणुकाई."

पिंपळगाव रेणुकाई! आम्ही जिल्ह्याच्या ह्या टोकाला, ते भोकरदनच्याही पुढं! मी आकांक्षाकडं पाहिलं. ती आधीच गाडीवर बसली होती.

जालना मागं पडलं. भोकरदनला ती म्हणाली, "पप्पा, मला राग आल्ता. आता भूक लागली." मी एवढ्या आनंदानं भजी घेतली की गाडीवाल्यानं कागदात चार जास्त टाकली.

गिरिजाबाईंच्या घरी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. आमच्याकडं आता कॅसरोलही नव्हता, म्हणून भोकरदनला बाळाला झबलं घेतलं होतं. चहा झाला. झबल्याचं कौतुक झालं. पुन्हा चहा झाला. आता विषय कसा काढावा?

"बारशाला आहेर बरेच आले असतील!" मी म्हणालो.

"आले की."

"एखादा निळा, बदकांचा?"

गिरिजाबाईंनी पदर सावरला. "का हो पाव्हणं?"

मी शब्द जुळवत बसलो. आकांक्षानं सरळ सांगितलं, "आज्जी, त्यात माझ्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड आहे. पप्पांनी लपवला, मम्मीनं वाटला. उद्या पाचपर्यंत मला फिल्म पाठवायची आहे."

गिरिजाबाई इतक्या हसल्या की पाळण्यातलं बाळ जागं झालं. "आगं माय! आधी सांगायचं ना! आमचा वसंता कालच घेऊन गेला तो. कापसाच्या व्यापारात त्याचा एक दोस्त है, इमरान. त्याच्या लग्नाची दावत होती, तिथं दिला."

"दावत कुठं होती?"

"परतूरला."

परतूरला! आमच्याच गावी!

"परतूरात कुठं?"

"ते कॉम्प्युटरवाले अलीमभाई हैत ना, त्यांचा भाचा म्हणं तो. त्यांच्याच घरी."

वाचकहो, पिंपळगाव ते परतूर हा रस्ता मी कसा कापला, हे मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की मागं आकांक्षा हसत होती आणि मीही हसायला लागलो होतो. प्रत्येक गतिरोधकावर दोघांचं हसणं एकदम तुटायचं!

दिवेलागणीला अलीमभाईंच्या घरी. हॉलमध्ये आहेरांचा ढीग. त्यात निळा कागद आणि चंदेरी बदकं. एक खोका नव्हे, अकरा! परतूरात भेटवस्तू बांधून देणारं दुकान अंबरीनभाभींचंच, आणि यंदा त्यांनी बदकांचा एकच गठ्ठा आणला होता.

"दुल्हा-दुल्हन आल्याबिगर खोलता नै येत, भाऊ," भाभी म्हणाल्या. "दोघं परवा येतेत."

परवा! आकांक्षाच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

"खोलायचं कशाला?" मी बाह्या सरसावल्या.

डोळे मिटले. पहिला खोका. "बाराशे. डिनर सेट." दुसरा. "सातशे. घड्याळ." तिसरा. चौथा. अलीमभाईंच्या अम्मी, अकबरबी, तसबीहची माळ ओढायची थांबवून बघत होत्या. "ये क्या कर रै, बावा? मेहमान है की कांटा?"

आठवा खोका हातावर आला आणि हातानंच ओळखलं. "एक किलो तीनशे साठ... नाही, तीनशे पासष्ट!"

अंबरीनभाभींनी इमरानला फोन लावून इजाजत घेतली. खोका पालथा केला, तर खाली एकावर एक तीन चिठ्ठ्या. वरची 'वसंता'. तिच्याखाली 'केशरबाई'. सगळ्यात खाली वंदनाचं अक्षर, 'सप्रेम भेट'. पाच ग्रॅम कागद, चिठ्ठ्या आणि डिंकाचे! कागद फाडला. मदरबोर्ड! अकबरबींनी टाळ्या वाजवल्या. आकांक्षानं मला सगळ्यांसमोर मिठी मारली. बावीस वर्षांच्या नोकरीत असा सत्कार झाला नव्हता!

लगेच दुकान उघडलं. खिशातला प्रोसेसर बसला. खट्! आकांक्षानं घरून जुन्या कॉम्प्युटरची रॅम आणली. ती मात्र बसेना. इकडून लावली, तिकडून लावली.

अलीमभाईंनी चष्मा लावला. "भाऊ, ह्या बोर्डाला पाचव्या पिढीची रॅम लागती. तुमची चौथीची है. खाचच अलग है."

आकांक्षानं माझ्याकडं पाहिलं. मी छताच्या पंख्याकडं.

"बेटी," अलीमभाई म्हणाले, "उद्या दिवसभर माझ्या मशिनीवर बस."

ती बसली. भाभींनी डबा दिला. फिल्म सोमवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी गेली. बोर्ड अलीमभाईंनी बदलून दिला. घरी आता नऊशे ग्रॅमवाला आहे, आणि जावई खुशीत कामाला लागला आहे.

आदल्या रविवारी, खोका बांधताना, अलीमभाईंनी मला विचारलं होतं, "भाऊ, घरची रॅम कोणती है?" मी म्हणालो होतो, "चांगली आहे."