रुक्मिणीबाईंच्या दहाव्याची परात

ज्या वर्षी माझी नात मनाली सुलतानपूरला दिली, आणि वरातीची घोडी मांडवात शिरून पंगतीतल्या जिलब्या खाऊन गेली, त्याच वर्षी मी बॅले शिकायला लागले. फार जुनी गोष्ट नाही. मनालीचं पोरगं आता कुठं रांगतंय. अक्षरओळख मला उशिरा झाली, बॅलेची त्याहून उशिरा. पण भीती कशाला म्हणतात ते मात्र मला ठाऊकच नाही, असं मी तेव्हा साऱ्या मेहकरात सांगत फिरत होते! "साप पाह्यला, सासू पाह्यली, आता भुताचं काय घेऊन बसलात?" असं म्हटलं की बाया हसायच्या आणि मला आणखी चढायचं.

आमचा बॅलेचा वर्ग भगवंतरावांच्या भुसार दुकानाच्या मागच्या हॉलमध्ये भरतो. पूर्वी तिथं सोयाबीनची पोती असायची. अर्पिताताई पुण्याला हा नाच शिकून आल्या आणि त्यांनी तो हॉल भाड्यानं घेतला. एका भिंतीला जमिनीपासून वरपर्यंत आरसा, समोरच्या भिंतीला लाकडी दांडा. ताई त्या दांड्याला 'बार' म्हणतात. "मी रोज संध्याकाळी बारला धरून उभी राहते," असं मी एकदा सुनेला सांगितलं आणि घरात दोन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही!

मी तिथं झाडायला, पोरींच्या बुटांना फिती शिवायला आणि राळ कुटायला होते. राळ म्हणजे धुपासारखा पिवळट खडा. कुटून बारीक केला की पांढरट पूड होते. पोरी बुटाचं टोक त्या पुडीत दाबतात, म्हणजे फरशीवर पाय सटकत नाही. राळेची लाकडी पेटी मोडली तेव्हा मी घरची जर्मनची, म्हणजे अल्युमिनियमची, परात आणून दिली. पुढं जे रामायण झालं ते त्या परातीपायी.

शिकायला लागले ते गुडघ्यापायी. डॉक्टर चंद्रशेखर म्हणाले, "मावशी, व्यायाम करा." ताई म्हणाल्या, "मग दुसरीकडं कशाला जाता? दांडा धरा, पावलं बाहेर वळवा आणि हळूच खाली बसा." मी हळूच खाली बसले. वर मात्र आलेच नाही. नऊवारीचं गाठोडं उचलावं तसं दोन पोरींनी मला काखेत धरून उचललं. त्या दिवसापासून मी शिष्यही झाले.

आमचा एकच प्रेक्षक होता. भगवंतरावांची आई, रुक्मिणीबाई. हॉलचं मागचं दार त्यांच्या घरात उघडतं. जेवण झालं की त्या येऊन खुर्चीत बसायच्या आणि दिवेलागणीपर्यंत हलायच्या नाहीत. कौतुक नावाचा पदार्थ त्यांच्या घरात शिजत नसे.

"हे काय व बने? पोरी नाचून राह्यल्या का उंबरावरचे उंबर तोडून राह्यल्या?"

"माय, याले बॅले म्हन्तात."

"आन् तू काय करून राह्यली? तू त बुडून राह्यली दिसतं!"

अशा बाईनं एका मंगळवारी तोंडातून चकार शब्द काढला नाही! मी राळ कुटून परातीत पसरली, दांड्याखाली ठेवली, पोरी आल्या, वर्ग सुरू झाला. मी आरशात पाहिलं, तर रुक्मिणीबाईंची नजर थेट माझ्यावर. मी डावीकडं सरकले, नजर माझ्यावर. उजवीकडं सरकले, तरी माझ्यावर! पापणीसुद्धा लवेना. मला वाटलं, आज आपला गुडघा असा काही वळतोय की म्हातारीचं भान हरपलं. मी आणखी जोर केला. मध्ये त्यांना चहासुद्धा नेऊन ठेवला. "घ्या, माय, गार होते."

वर्ग संपला की पोरी वाकून सगळ्यांना नमस्कार करतात. त्या दिवशी करिष्मा, म्हणजे आमची सगळ्यात उंच पोरगी, रुक्मिणीबाईंपुढं वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"बनाआजी," ती हळूच म्हणाली, "चहावर साय आली. आन् साईवर माशी बसली. आन् माशी आता आजीच्या उघड्या डोयावर बसली."

पोरी अशा किंचाळल्या की दुकानातल्या गिऱ्हाइकांनी पिशव्या टाकून दिल्या! भगवंतराव धावत आले. डॉक्टर चंद्रशेखर आले, नाडी पाहिली, मान हलवली. मी मात्र मनात एवढंच म्हणत होते, की घंटाभर मी माझं सारं कसब एका मयताला दाखवलं!

त्या दिवसापासून वर्ग बंद, हॉलला कुलूप. खरं संकट दहाव्याच्या तोंडावर आलं. भगवंतरावांची बायको आशाबाई, तिला तो हॉल भाऊ दीपकच्या शिकवणीसाठी पाहिजे होता. सासू होती तोवर तिचं चाललं नाही. आता तिनं नवऱ्याच्या कानाशी ठाण मांडलं. "त्या उड्यांपायीच आत्यांचा जीव गेला. धडधड, धडधड! करा खाली हॉल."

अर्पिताताईंना मेहकरात दुसरी जागा मिळणं शक्य नव्हतं. लाकडी फरशी त्यांनी तिथंच ठोकलेली, आरसा तिथंच चिकटवलेला. हॉल गेला की वर्ग गेला. बिचाऱ्या भगवंतरावांपुढं उभ्या राहिल्या.

भगवंतराव आईवेडा माणूस. विचार करून म्हणाले, "हे पाहा ताई, मी नाई ठरवत, बायको नाई ठरवत. माय ठरवन. दहाव्याले पीठ ठेवू. चांगलं पाऊल उमटलं, माय खुशीनं गेली, त राहा तुम्ही. वंगाळ उमटलं, त दुसऱ्या दिवशी हॉल खाली."

आमच्याकडं माणूस जिथं गेलं तिथं दहाव्याच्या संध्याकाळी परातीत पीठ पसरतात, त्यावर दिवा लावून टोपलं पालथं घालतात. सकाळी टोपलं उचलायचं. पिठावर गाईचं पाऊल, पाखराचं पाऊल, जे दिसेल त्यावरून जीव कोणत्या जन्माला गेला ते समजतं. आता पुण्याला शिकलेल्या अर्पिताताईंचं सारं भविष्य मूठभर पिठावर येऊन बसलं!

"बनाबाई," भगवंतराव म्हणाले, "हॉलची चाबी तुमच्यापाशी हाये. पीठ तुम्ही ठेवजा. आशा दिवा लावन."

"काई फिकीर करू नका," मी छाती काढून म्हणाले. "मी काय भेतो काय?"

दहाव्याच्या दुपारी हॉल उघडून ठेवला आणि जोंधळे दळायला गेले, तर चक्कीवर लाइट गेलेली. लाइट आली तोवर सूर्य गेला. मी पिठाचा डबा घेऊन पळत आले. हॉलमध्ये अंधार. फक्त खुर्चीजवळ, दांड्याखाली, टोपलं पालथं पडलेलं आणि त्याच्या फटींतून पिवळा उजेड फरशीवर सांडलेला. आरशातही एक टोपलं, एक खुर्ची. आरशातली खुर्ची मला जरा जास्तच भरलेली वाटली. आशाबाईनं पिठासकट सगळं उरकलेलं दिसतंय, असं मी मोठ्यांदा म्हणाले. मोठ्यांदा का, ते विचारू नका. कुलूप लावायला माझ्या हाताला तीनदा भोक सापडलं नाही.

सकाळी सगळे जमले. भगवंतराव, आशाबाई, अर्पिताताई, आणि देऊळघाटहून रुक्मिणीबाईंचे भाऊ कारभारीमामा. पाऊल ओळखण्यात मामांचा शब्द शेवटचा. त्यांनी टोपलं उचललं आणि ते मागं सरले. टोपलं हातातच राहिलं.

पिठावर वाटोळी, खोल भोकं होती. बोटं नाहीत, टाच नाही. पोराच्या मुठीएवढी भोकं, इकडं तिकडं, सगळीकडं! दिवा कलंडून तेल सांडलं होतं आणि तिथं पीठ काळपट, चकाकतं झालं होतं. हॉलभर कसलासा धुपाचा वास.

"बकरी हाये का, मामा?" भगवंतरावांचा आवाज चिरकला.

"बकरीचं खूर चिरलेलं असते."

"मंग गधडं?"

"गधड्याले चार पाय असतात बे! हे पाह्य, जोडी कुठीच नाई. हे एका पायावर उड्या मारत आलं. आन् पायाले पंजा नाई. ठोकळा हाये."

"अगं माय व!" आशाबाईनं पदर तोंडाला लावला. "आत्या एका पायाच्या झाल्या!"

भगवंतराव रडू लागले. गुडघ्यावर बसून त्यांनी हात जोडले, मग चिमूटभर पीठ कपाळाला लावावं म्हणून पंजा परातीत टेकवला. कर्र्र! पीठ दाताखालच्या खड्यासारखं वाजलं. त्यांनी हात उचलला, तर परातीची कडही हाताबरोबर उचलली गेली!

"धरलं! मायनं हात धरला!"

"सोडा, आत्या, सोडा! त्यायले शुगर हाये!" आशाबाई ओरडली. मामा दाराकडं निघाले. भगवंतरावांनी हिसका दिला, परात खण्णकन फरशीवर बसली, आणि त्या आवाजानं मी भानावर आले. हा आवाज मी रोज ऐकत होते. ही तर माझी परात! आशाबाईनं अंधारात दांड्याखाली पांढरी पूड भरलेली परात पाहिली, बनाबाईनं पीठ ठेवलं असं समजून तिच्यावर दिवा ठेवला, आणि टोपलं घालून पळाली. तेल आणि राळ एकत्र आली, की डिंक काय चिकटेल असा चिकटा होतो.

"हॉल खाली करा," भगवंतराव हात झाडत म्हणाले. "आजच्या आज! माय लय नाराज हाये."

अर्पिताताईंचा चेहरा पांढराफटक झाला. त्यांनी भिंतीवर टांगलेले बूट काढायला सुरुवात केली.

"थांबा!" मी म्हणाले. "हे पीठ नाई, राळ हाये. आन् हे भोकं पोरींच्या बुटाचे हायेत. मंगळवारच्या वर्गातले!"

कुणी ऐकेना. आशाबाई म्हणाली, "वा! आता मयताच्या पावलावरबी हक्क सांगता काय?"

मी करिष्माचे टोकाचे बूट घेतले. हातानं दाबून दाखवले असते तरी भागलं असतं, हे मला नंतर, पलंगावर पडल्या पडल्या सुचलं. त्या क्षणी मी ते पायात चढवले, दांडा धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा अंगठ्यांच्या टोकावर उभी राहिले! आरशात एक लुगडेवाली घार दिसली. ती घार एक पाऊल चालली, बुटाचं टोक परातीत रुतवलं आणि कारभारीमामांच्या अंगावर कोसळली. मामा टोपल्यात बसले.

पण भोक पडलं होतं. वाटोळं, खोल, बाकीच्यांसारखंच. अर्पिताताईंनी बूट घेऊन एकेका भोकात टेकवून दाखवला. भगवंतराव मान हलवत राहिले. मामा टोपल्यातूनच म्हणाले, "मंग पाऊल त उमटलंच नाई. तुही माय गेली कुठी, खुशीत का नाराजीत, कसं समजन?"

म्हणजे पुन्हा सारं अधांतरी! अर्पिताताईंनी उजेडासाठी मागची खिडकी उघडली. उन्हाचा पट्टा परातीच्या पलीकडच्या कडेवर पडला, जिथं आतापर्यंत सावली होती.

"आन् हे?" आशाबाई म्हणाली.

तिथं एक अनवाणी पाऊल होतं. लहान, सुकलेलं, टाचेला भेगा. अंगठ्यावर शेजारचं बोट चढलेलं. आणि ते पाऊल चांगलं बाहेर वळलेलं, दांड्याकडं तोंड करून.

भगवंतराव परातीवर वाकले. मग म्हणाले, "हे बोट म्या रोज रात्री दाबलं. माय हाये ही. माही माय हाये." आणि अर्पिताताईंकडं पाहून, "ताई, ते बूट वापस टांगा भिंतीले. तिले नाचाचं होतं. हॉल तुमचाच हाये. जवरोक मी हावो, तवरोक."

आशाबाईनं पदर सावरला आणि ती चहा करायला गेली. दीपकची शिकवणी पुढं बुलडाण्याला निघाली आणि चांगली चालली म्हणतात.

मला त्यात नवल वाटलं नाही. नावं ठेवणाऱ्या बाईलाच मनातून हौस असते. मी फिती आणायला गेले असेन आणि म्हातारीनं गुपचूप पाय बुडवून दांडा धरून पाहिला असेल. एवढंच! पोरींना मी हे हसून हसून सांगत असे.

पुढच्या महिन्यात गुडघा दाखवायला डॉक्टर चंद्रशेखरांकडं गेले. मामांवर पडल्यापासून तो फारच बोलत होता. डॉक्टरांनाही मी परातीची गोष्ट रंगवून सांगितली. ते हसले नाहीत. गुडघ्यावरचा हात त्यांनी तसाच ठेवला.

"मावशी, घरच्यांना म्हणालो नाही. वाईट वाटलं असतं, एकट्या गेल्या म्हणून. मी आलो तेव्हा अंग ताठ झालं होतं. वर्ग चालू असताना नाही गेल्या त्या. जेवून खुर्चीत टेकल्या, तेव्हाच गेल्या."

"पन डॉक्टर, राळ त म्या पोरी यायच्या आंधी कुटली. ताजी. माय तवा खुर्चीतच बसून होत्या, मंग ते पाऊल कवाचं?"

"मग मला काही सांगता येत नाही," ते म्हणाले, आणि गोळ्या लिहून दिल्या.

तेव्हापासून मी राळ कुटते ती दोन्ही दारं सताड उघडी ठेवून, मोठ्यांदा अभंग म्हणत. पसरून झाली की पाठ फिरवते आणि म्हणते, "घ्या माय, आंधी तुम्ही." मग पोरी येईपर्यंत बाहेर ओट्यावर बसते, हवा चांगली असते म्हणून. भगवंतरावांना यातलं काही सांगितलेलं नाही, अर्पिताताईंना तर नाहीच.

रुक्मिणीबाई त्या पौषातल्या मंगळवारी, दुपारी जेवणानंतर वारल्या.